छत्र्यांच्या खोलीवरची भेग

४ मार्च

चि. टिल्लीस,
दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी बरा आहे. छाती वाजते, पण ते नेहमीचंच. पत्र लिहायला बसलो की सूनबाई स्वयंपाकघरातून सांगते, आत्याबाईंना पुन्हा घाबरवू नका. मी कुणाला घाबरवत नाही. मी फक्त विचारतो. विचारायचंसुद्धा नाही का?

काल चिरंजीवाने पेपर वाचून दाखवला. त्यात आपल्या शेअर बाजाराच्या जुन्या इमारतीचा फोटो होता. समोरचे आठ खांब, वरचा तिकोना माथा, सगळं आलं होतं. बाजार नव्या इमारतीत गेला, आता ही जुनी इमारत लोकांना बघायला खुली करणार, म्हणून एप्रिलच्या पहिल्या रविवारी पायऱ्यांवर मोठा समारंभ आहे. बँड, भाषणं, खुर्च्या. खाली लिहिलं होतं, दीडशे वर्षं दिमाखात उभी. ऐकता ऐकता माझा चहा गार झाला.

दिमाखात म्हणे! कशावर उभी आहे ते कुणी लिहिलं नाही. गाळावर उभी आहे. मी तिथे उभा जन्म गवंडीकाम केलं. आधी बंदरातले व्यापारी धक्क्यावरच, दोरखंडांच्या ढिगांत उभे राहून सौदे करायचे. मग त्यांनी लाकडी घर बांधलं, ते जळालं. मग त्यांना वाटलं, आता असं बांधू की बघणाऱ्याची मान वर झाली पाहिजे. कुठून तरी एक नकाशेवाला आणला. त्याने फार जुन्या काळच्या देवळांची चित्रं पुढ्यात ठेवून नकाशा काढला. जमीन कच्ची, म्हणून झाडांचे ओंडके एकाला एक लावून गाळात ठोकले आणि त्यांच्यावर हा सगळा डोलारा चढवला. ओंडके ओले आहेत तोवर लोखंडासारखे, पण सुकले की कुजले. आता पुढचा धक्का बुजवून रस्ता केलाय, समुद्र लांब गेला. म्हातारे मुकादम मला हे सांगून गेले तेव्हापासून मी नीट झोपलेलो नाही.

आणि तू राहतेस ती छत्र्यांची खोली, ती नेमकी कोपऱ्यातल्या खांबामागे. दलालांच्या ओल्या छत्र्या ठेवायची ती जागा, माणसाने राहायची नव्हे. पण तुझे यजमान गेले तेव्हा सफाईचं काम आणि ती खोली तुला मिळावी म्हणून मीच हातापाया पडलो होतो, त्यामुळे मला बोलायची सोय नाही. तुझ्या दारावरून जी भेग वर जाते तिच्यावर मी काचेची पट्टी चिकटवून आलोय. ती अखंड आहे ना? रोज बघतेस ना? पलंग भिंतीपासून लांब ओढ. उशी तर मुळीच त्या बाजूला नको.

मी स्वतः येऊन बघितलं असतं. पण डॉक्टर म्हणतात खारा वारा नको, चुन्याची धूळ नको. आणि खरं सांगू, मला गाडीचाही धीर होत नाही. पूल येतात वाटेत.

इथेही स्वयंपाकघराच्या भिंतीला एक तडा दिसला, तिथे मी पट्टी लावली. सूनबाई त्यावर फडकं वाळत घालते.

काळजी करतो म्हणून रागावू नकोस. लोभ आहेच, तो त्या पट्टीसारखा अखंड राहू दे.

तुझा
दादा


११ मार्च

ती. स्व. दादास,
टिल्लीचा शि. सा. न. वि. वि.

साठी उलटली, दारातून अंग तिरकं करून जावं लागतं इतकी सुटले, तरी तू पाकिटावर टिल्लीच लिहितोस. पोस्टमन पाकीट देताना माझ्याकडे एकदा वरून खालपर्यंत बघतो आणि मग हसतो.

पट्टी अखंड आहे. हे पहिल्याच ओळीत लिहायचं होतं, पोस्टमनच्या नादात राहिलं. अगदी लख्ख आहे. मी रोज पुसते.

इथे समारंभाची नुसती धांदल आहे. बाजाराचे चष्मेवाले सेक्रेटरी दिवसातून कितीदा तरी येतात आणि प्रत्येक वेळी मला नवीन डाग दाखवतात. मोठ्या हॉलची फरशी मी काळ्या-पांढऱ्या चौकटी वेगळ्या दिसेपर्यंत घासली. जिथे दलाल उभे राहायचे तिथे संगमरवर झिजून खळगा पडलाय, त्यात पाणी साठतं. सेक्रेटरी म्हणाले तो खळगा दिसायला नको. मी म्हटलं, साहेब, तो काही मी पाडलेला नाही, एवढ्या लोकांनी जन्मभर जागच्या जागी चुळबुळ केली तेव्हा पडलाय.

भिंतीवरचं वाऱ्याचं घड्याळ अजून चालतं. गच्चीवरचा बाण फिरला की खालचा काटा फिरतो. परवा शाळेतल्या बाई मुलं घेऊन आल्या होत्या, त्यांना मी सांगितलं की इथे लोक वेळ बघत नव्हते, वारा बघत होते. वारा बंदराकडे वळला की जहाजं आत येणार आणि भाव पडणार. बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. आहेस कुठे? मीही आता शिकवते.

गच्ची आणि वरचा माथा धुवायला माणसं लावलीत. रोज सकाळपासून पाण्याचा मोठा पाइप सोडतात. माथ्यावरच्या तराजूवाल्या दगडी बाईचं नाक तर गेलेलंच आहे, पण चेहरा उजळला. माझ्या भिंतीला मात्र थोडी ओल आली. दारही जरा घट्ट बसत होतं, सुताराकडून रंधा मारून घेतला. आता एका बोटाने लागतं.

तुझं हे घाबरणं जन्माचंच आहे म्हणा. बाजार उघडायची घंटा झाली की तू थापी टाकून कान झाकायचास आणि दलाल तुला हसायचे. त्या भिंतीतला तडा राहू दे, सूनबाईला फडकं वाळवू दे.

तब्येतीला जप. माया आहे तशीच ठेव, ओरडा थोडा कमी कर.

तुझी
टिल्ली (नावापुरती)


१७ मार्च

चि. टिल्लीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आलं. पहिल्यांदा हसलो, मग दाराचं वाचलं आणि हसू गेलं.

दार घट्ट का बसतं? दार आपणहून मोठं होत नाही. चौकट दबली की दार अडकतं. तू वरून रंधा मारलास म्हणजे चौकट आणखी दबायला जागा करून दिलीस. हे वाचून मी अंगणात येरझाऱ्या घालत बसलो. चिरंजीव म्हणाला, बाबा, ओल आली असेल, लाकूड फुगलं असेल, आत्याने लिहिलंच आहे ना. त्याचंही खरं असेल. पण ओल कुठली? मला वाटतं खालून चढतेय. ओंडक्यांचं काही तरी बिनसलंय.

मग मी स्वतःची समजूत घातली, की पट्टी अखंड आहे. पट्टी अखंड असेल तर भिंत हललेली नाही, मग बाकी काहीही असो. चौकट फसवेल, माणूस फसवेल, काच फसवणार नाही. केसाएवढी भेग रुंदावली तरी ती तडकते. हे मी दिवसातून कितीदा तरी मनाशी म्हणतो आणि मग पाणी पितो.

तुला मी कधी सांगितलं नसेल, पण त्या खांबांचा मला पहिल्यापासून धाक आहे. लांबून एकसंध दगडाचे वाटतात. जवळ जाऊन वाजवलेस तर कळेल, आत विटा आहेत, वरून चुना आणि संगमरवराची पूड, आणि त्यावर दगडाचे सांधे नुसते रेघा ओढून दाखवलेत. बांधताना पैसे संपले होते म्हणे. मी कामाला लागलो तेव्हा मुकादमांनी मला कोपऱ्यातल्या खांबाला कान लावायला सांगितला. पाऊस पडत होता. आतून पाणी वाहत असल्याचा आवाज आला. खांबाच्या पोटातून गच्चीच्या पाण्याचा बिडाचा नळ खाली आणलाय, तो समोरून दिसू नये म्हणून. मुकादम हसत होते. मी मात्र घरी येऊन जेवलो नाही. एवढा मोठा खांब, आणि पोटात आवाज!

तर माझं ऐक. सेक्रेटरींना सांग, एकदा इंजिनिअरला बोलवा. त्या पायऱ्यांवर एवढी माणसं बसवणार, बँड वाजवणार. नुसतं बघून जाऊ दे त्याला. माझं नाव सांग, म्हणावं म्हातारा गवंडी डोकं खातो.

पलंग सरकवलास का, ते लिहिलं नाहीस. याचा अर्थ सरकवला नाहीस.

उत्तर लगेच पाठव. तुझं अक्षर दिसेपर्यंत जीव थाऱ्यावर नसतो, एवढं लक्षात असू दे.

तुझा
दादा


२६ मार्च

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पलंग सरकवला. खोलीत तेवढीच जागा आहे, आता दार उघडलं की पलंगावरच पाय पडतो. तुझं समाधान झालं ना?

सेक्रेटरींना मी काही सांगणार नाही. रागावू नकोस, पण तू लांब बसून लिहितोस ते सोपं आहे. इंजिनिअर आला की तो कागदावर काही तरी धोका लिहिणारच, त्याशिवाय त्याला इंजिनिअर कोण म्हणेल? आणि धोका म्हटलं की पहिलं कुलूप कुठे लागेल? हॉलला नाही, माझ्या खोलीला. मला ती खोली कायद्याने दिलेली नाही, तू हातापाया पडलास म्हणून दिली. नवे सेक्रेटरी आधीच विचारून गेलेत की तुम्ही इथे राहता ते कुणाच्या परवानगीने. मी झाडू हातात घेऊन उभी होते. जुन्या साहेबांचं नाव सांगितलं, तर ते म्हणाले, ते जाऊन किती वर्षं झाली. या वयात मी कुठे जाऊ? तुझ्याकडे? सूनबाईच्या एका फडक्यावर तू पत्रभर लिहितोस, तिथे मी आले तर तिला बिचारीला पळून जावं लागेल.

आणि घाबरण्यासारखं काही नाही. पट्टी अखंड आहे, परवाच लावली. तू शिकवलंस तशीच, दोन्ही टोकांना प्लास्टरचा गोळा आणि बाजूला पेन्सिलीने तारीख. फक्त तू ठेवून गेलेल्या डब्यातल्या पट्ट्या संपत आल्यात. कुणी येणारं असलं तर थोड्या कापून पाठव. तुझ्या हातची पहिली पट्टी सबंध थंडी टिकली होती. मग महिना महिना टिकायच्या. हल्लीच्या मात्र भराभर जातात, मागची तर आठवडाभरसुद्धा राहिली नाही. काचच हलकी येते आता, किंवा मी पुसताना जोर देत असेन. पण तू काळजी करू नकोस, एक दिवससुद्धा मी भेग उघडी ठेवलेली नाही. फुटलेली दिसली की आधी ती काढते, नवी लावते, मगच चहा. सेक्रेटरींच्या नजरेलासुद्धा कधी फुटकी पट्टी पडलेली नाही.

समारंभाच्या खुर्च्या आल्यात. लाल गादीच्या आहेत. सध्या सगळ्या पडवीत, माझ्या दारासमोर रचून ठेवल्यात. भाषणं सुरू झाली की मी मागच्या एकीवर बसून घेणार आहे. एवढी वर्षं पायऱ्या घासल्या, एकदा त्यांच्यावर बसायला काय हरकत आहे?

जीव थाऱ्यावर ठेव. आहे त्या मायेत काही उणं पडू देऊ नकोस.

तुझी
टिल्ली


३० मार्च

टिल्ले,

आशीर्वाद. बाकी काही लिहीत नाही. हे पत्र मिळायच्या आधी तुला तार मिळाली असेल. सूनबाई ओल्या हातांनी पोस्टात धावत गेली. तार मिळूनही तू खोलीत असशील तर हे वाचता वाचता बाहेर ये. दारात उभी राहून वाचू नकोस. पायऱ्या उतरून समोरच्या रस्त्यापलीकडे जा आणि मग पुढचं वाच.

पट्टी भेगेला धरून ठेवत नाही.

ती मलमपट्टी नाही, टिल्ले. ती भिंतीला आधार देत नाही, माशीचासुद्धा भार घेत नाही. ती लावायची ती फुटायसाठीच लावायची. भिंत हलली तर आपल्याला कळावं म्हणून. ती फुटली की कुणी तिला हात लावायचा नसतो, पळत जाऊन सांगायचं असतं. आणि तू ती काढून नवी लावत होतीस. दर वेळी मला लिहीत होतीस अखंड आहे. आणि मी त्या एका शब्दावर झोपत होतो.

तुझी काय चूक? जन्मभर तुझं कामच ते, फुटलेलं, सांडलेलं, डागाळलेलं कुणाच्या नजरेला पडायच्या आत आवरायचं. तुला मी चिकटवायला शिकवलं, ती का लावायची ते सांगितलं नाही. मला वाटलं, हे काय सांगायचं? पट्टी फुटता कामा नये, एवढंच घोकत राहिलो. असं म्हटल्यावर कोणीही तेच केलं असतं जे तू केलंस.

आधी थंडीभर, मग महिना, मग आठवडाभरसुद्धा नाही.

सेक्रेटरींकडे जा. खोलीचा विचार करू नकोस. खोली गेली तर इथे ये, सूनबाई पळून जात नाही, तीच आता माझ्या शेजारी बसून सांगतेय की हे लिहा. सेक्रेटरींना म्हणावं, समारंभ करायचा तर मैदानात करा. ऐकलं नाहीत तर पायऱ्यांवर आडवी पड, तुझ्या अंगावरून कुणी जाणार नाही. फुटक्या पट्ट्या असतील तर दाखव.

हात जोडतो. थोरल्यांनी धाकट्यांना हात जोडायचे नसतात, तरी जोडतो.

दादा


७ एप्रिल

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मी धडधाकट आहे. या वेळी पहिल्याच ओळीत लिहिलं.

तार मिळाली तेव्हा मी खांबांची जोती पुसत होते. तारेत एवढंच होतं, पट्टी आधार नव्हे, खोली सोड, सेक्रेटरीला सांग. मला अर्थ लागला नाही. मी दारापर्यंत गेले. नवी लावलेली पट्टी पुन्हा फुटलेली होती. सवयीने हात डब्याकडे गेला, शेवटची एकच पट्टी उरली होती. ती हातात घेतली, पुन्हा तार वाचली, आणि मग मला कळलं, दादा. ती पट्टी डब्यात परत ठेवताना माझे दात वाजत होते. उन्हात.

सेक्रेटरी आधी चिडले. म्हणाले, आमंत्रणं गेलीत. मग मी फुटक्या पट्ट्या आणून त्यांच्या टेबलावर ठेवल्या. मी एकही टाकली नव्हती, केराच्या डब्यात काच टाकली की केरवाल्याचा हात कापतो, म्हणून सगळ्या फडक्यात बांधून ठेवल्या होत्या. प्लास्टरच्या गोळ्यांवर तारखा होत्याच. त्यांनी त्या हातात घेऊन एकामागून एक बघितल्या, चष्मा काढला, आणि मला बसायला सांगितलं. त्या खोलीत मला बसायला कुणी कधी सांगितलं नव्हतं, त्यामुळे मी आणखीच घाबरले.

इंजिनिअरबाई दुसऱ्या दिवशी आल्या. वयाने आपल्या सूनबाईएवढ्या. पट्ट्या तारखेप्रमाणे लावून बघितल्या आणि पडवीतली सगळी माणसं बाहेर काढायला सांगितली. दोर बांधून पायऱ्या बंद केल्या. खुर्च्या काढायला माणसं पाठवायची म्हटल्यावर त्यांनी नको म्हणून सांगितलं, खुर्च्या राहू देत. खुर्चीवाला भांडत होता. मी माझी ट्रंक मागत होते. त्यांनी मलाही आत जाऊ दिलं नाही.

भर दुपारी, टेकूची लाकडं गाडीतून उतरत असताना, कोपऱ्याच्या वरची कंगणी, छताच्या कडेचा तो पुढे आलेला दगडी काठ, खाली आली. आधी थोडी पूड पडली, पिठासारखी. मग एवढा मोठा दगड आला की आवाज कानाने नाही, पायांनी ऐकला. लाल खुर्च्यांचा चुरा झाला. दुसरा तुकडा माझ्या खोलीच्या छतातून आत गेला. पलंग तुझ्या सांगण्याने जिथे सरकवला होता ना, तो तुकडा नेमका तिथेच पडला. हे तुला लिहू की नको, बराच वेळ विचार केला. पण आता तुझ्यापासून काही लपवणार नाही, असं ठरवलंय.

दगडांखाली माणूस एकही सापडला नाही.

ओंडके शाबूत आहेत, असं इंजिनिअरबाई म्हणतात. खड्डा खणून बघितला, ओले आणि टणक आहेत. एवढी वर्षं तू त्यांना उगाच बोल लावलास. दोष त्या खांबाच्या पोटातल्या नळाचा. तो आतून कधीचा फुटला होता, पाणी मुरून वरच्या दगडांना बांधणारे लोखंडी आकडे गंजून फुगले, आणि यंदा गच्ची रोज धुतली तेव्हा उरलंसुरलं झालं. तू लिहिलेला पाण्याचा आवाज मी त्यांना सांगितला. त्या म्हणाल्या, नकाशावर हा नळ कुठेच नाही, म्हाताऱ्यांना नमस्कार सांगा. तो पोचता करते.

मला तूर्त वर वाऱ्याच्या घड्याळामागच्या खोलीत जागा दिलीय. सेक्रेटरींनी कागद करून दिला, सहीशिक्क्याचा. म्हणजे ज्या खोलीसाठी मी गप्प बसले ती गेली आणि बोलल्यावर दुसरी मिळाली.

पण दादा, मला भीती वाटते. मी तुला जन्मभर हसले, आता कुणाला सांगू? बाण फिरला की भिंतीच्या आत दांडा कुरकुरतो आणि मी उठून बसते. इंजिनिअरबाईंनी टेकूजवळ नवी पट्टी लावलीय आणि रोज बघून सांगायचं काम मला दिलंय. मी रोज जाते आणि तिच्यासमोर डोळे मिटून उभी राहते. उघडायचा धीर होत नाही. तू एवढी वर्षं रोज कसं बघत होतास?

मायेचा हात डोक्यावर राहू दे. या वेळी हे नुसतं लिहायचं म्हणून लिहिलेलं नाही.

तुझी
टिल्ली


१२ एप्रिल

चि. टिल्लीस,
दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र चिरंजीवाने वाचलं, मग मी वाचलं, मग सूनबाईने वाचलं आणि ती आत जाऊन भिंतीवरचं फडकं काढून आली.

पलंगाचं तू लिहिलंस ते बरं केलंस. लांब ओढ म्हणून मीच सांगितलं होतं. बाकीचं समोर बसलो की बोलेन.

तू विचारलंस, कसा बघत होतो. भीत भीतच बघत होतो. दुसरी काही युक्ती मला सापडली नाही. सकाळी जिना उतरतानाच परत फिरावंसं वाटायचं, तरी खांबाजवळ जायचो आणि मान वर करून बघायचो. भीती गेल्यावर बघू म्हटलं असतं तर आजवर बघणं झालंच नसतं.

मी येतोय. चिरंजीवाने पुढच्या आठवड्यातल्या गाडीचं तिकीट काढलं. डॉक्टर नाही म्हणाले, त्यांना मी सांगितलं की महिनाभर तोंडाला फडकं बांधून राहीन. पुलांचं काय करायचं ते ठरलेलं आहे, पूल आला की डोळे मिटायचे आणि चिरंजीवाचा हात धरायचा. तो बरोबर येतोय. सूनबाईने तुझ्यासाठी उशी दिलीय, तुझी ट्रंकेसकट गेली असेल म्हणून.

नव्या पट्ट्या कापून घेतल्यात, पण त्या मीच लावणार, तू नाही.

हे पत्र मिळाल्यावर मी पोचेपर्यंत दोन सकाळी तुला एकटीला बघायचं आहे. डोळे उघडे ठेव. अखंड असेल तर अखंड म्हण. फुटली असेल तर तिला हात लावू नकोस, पुसू नकोस, आवरू नकोस. तशीच सोड आणि बाहेर ये. रस्त्यापलीकडे उभी राहा. मी तिथेच येतो.

भेटीपर्यंत लोभ असाच धरून ठेव.

तुझा
दादा